ताटापुढची लोकशाही

आमच्या वसाहतीतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक जुनी बातमी पुन्हा पुन्हा उगवते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी सप्टेंबर २०२४मध्ये जुळ्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या खाण्यातील चोखंदळपणा बहुतांशी आनुवंशिक असतो, असा त्याचा निष्कर्ष. बातमीखाली दर वेळी तेच उद्गार उमटतात : ‘बघा, आपली चूक नाहीच’, ‘आमच्याकडे भाजी चालतच नाही, आता विज्ञानानेच सांगितले.’ गेल्या आठवड्यात ती पुन्हा आली तेव्हा उत्तर लिहायला बसलो. ते गटावर मावणार नाही इतके लांबले, म्हणून येथे मांडतो आहे. मी आहारतज्ज्ञ नाही. भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली आहे, बंगळूरच्या एका संस्थेत संशोधन करतो आणि पाच वर्षांच्या एका मुलीचा बाप आहे. पहिल्या दोन गोष्टींमुळे आकडे वाचण्याची सवय आहे. तिसरीमुळे गप्प बसवत नाही.

प्रथम त्या अभ्यासाविषयी. अभ्यास चांगला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ साली जन्मलेली जुळी मुले, सोळा महिन्यांपासून तेराव्या वर्षापर्यंत केलेला पाठपुरावा, एकबीज आणि द्विबीज जुळ्यांची तुलना. सोळाव्या महिन्यात आनुवंशिकता सुमारे ६० टक्के, तीन ते तेरा या वयात ७४ टक्के किंवा अधिक. येथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो ‘७४ टक्के’ या शब्दाचा अर्थ काय, याविषयी. तुमच्या मुलाच्या नखऱ्यातील चौऱ्याहत्तर हिस्से जनुकांनी घडवले आणि उरलेले सव्वीस तुम्ही, असा तो अर्थ मुळीच नाही. एका विशिष्ट समूहात, विशिष्ट परिस्थितीत, मुलामुलांमध्ये जो फरक दिसतो त्या फरकातील किती वाटा जनुकीय भेदांशी जोडता येतो, एवढेच हे गुणोत्तर सांगते. सर्वांची परिस्थिती जितकी सारखी, तितके हे गुणोत्तर वर चढते, कारण फरक पडण्यासाठी जनुकांखेरीज दुसरे काही उरतच नाही. आणि सरासरी कोठे आहे, ती कोठे सरकते आहे, याविषयी ते चकार शब्द काढत नाही.

उंचीचे उदाहरण घ्या. सुपोषित समाजात उंचीची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के भरते. तरीही दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची विसाव्या शतकाच्या ओघात सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. शंभर वर्षांत जनुके बदलत नाहीत, ताट बदलते. उंच आईबापांची मुले तेव्हाही उंच होती, आजही आहेत. पण सगळी रांगच्या रांग वर सरकली. खाण्याच्या सवयींची रांगही अशीच सरकू शकते, आणि दुर्दैवाने खालीही सरकू शकते. त्याच ब्रिटिश अभ्यासात लहानग्या वयात घरातील सामायिक परिस्थितीचा वाटा लक्षणीय आढळला होता, आणि हस्तक्षेपाचा उपयोग त्या वयात सर्वाधिक होईल असे संशोधकांनी म्हटले होते. तो भाग गटावर कोणी पाठवीत नाही.

मला राग येतो तो येथे. काही मुलांना कडू चव अधिक तीव्रतेने जाणवते. त्यामागचे एक जनुक नावानिशी ठाऊक आहे. दोन वर्षांच्या आसपास नव्या पदार्थाची भीती वाटणे हे तर चालू लागलेल्या पोराने रानातील कोणतेही फळ तोंडात घालू नये म्हणून निसर्गाने दिलेले संरक्षण असावे, असे मानतात. हे सारे खरे. पण या खऱ्या गोष्टींच्या आडोशाला आपण एक खोटी गोष्ट उभी केली आहे. मूल नको म्हणाले की तो त्याचा ‘निर्णय’, त्या निर्णयाचा ‘आदर’ करणे म्हणजे आधुनिक पालकत्व, आणि आदर करायचा म्हणजे पाच मिनिटांत त्याच्यापुढे दुसरी बशी ठेवायची.

ती दुसरी बशी मीही ठेवली आहे. माझी मुलगी अडीच वर्षांची असताना तिच्या खाण्याची यादी अशी होती : दहीभात, बिस्किटे, पिवळ्या पाकिटातील वेफर्स आणि दूध. दूध भरपूर, दिवसाला लिटरच्या आसपास. आम्ही दोघेही नोकरी करणारे. संध्याकाळी सात वाजता घरी पोहोचलेल्या माणसाला रडणे नको असते. तिने वरणाच्या घासाला मान फिरवली की मी बिस्कीट काढीत असे आणि निदान पोट तरी भरले, अशी समजूत घालून घेत असे. जेवताना समोर मोबाइल. माझ्या आजीने मला चिऊचा घास, काऊचा घास करून भरवले. मी मुलीला एका परदेशी कार्टूनच्या गाण्यावर भरवीत होतो, आणि ती गिळते आहे की नाही हेही तिला स्वतःला कळत नव्हते. तीन वर्षांची झाली तेव्हा ती पायऱ्या चढताना दमू लागली. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.९. त्या वयात ते निदान ११ हवे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न दुधाचा विचारला. गाईम्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसते, त्यातील कॅल्शियम इतर अन्नातील लोह शोषले जाण्यात अडथळा आणते, आणि लिटरभर दूध प्यायलेल्या पोटात डाळ, पाला, अंडे यांना जागाच उरत नाही. आईबाप दोघेही डॉक्टरेट, घरात फळांची टोपली भरलेली, आणि मुलीला पांडुरोग.

म्हणून कृपा करून ‘पोट भरले ना’ हे समाधान मला कोणी देऊ नये.

हा खाजगी किस्सा म्हणून सोडून देता आला असता. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१मध्ये, सहा महिने ते पाच वर्षे या वयातील ६७.१ टक्के मुले पांडुरोगी आढळली, आणि १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के. मोजमापावर पोट भरणाऱ्या माणसाने येथे एक टीप जोडलीच पाहिजे. हे सर्वेक्षण बोटातून काढलेल्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजते. शिरेतून रक्त घेऊन केलेल्या २०१६–१८च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात आकडे बरेच कमी आले, एक ते चार वर्षांच्या मुलांत ४१ टक्के आणि किशोरवयीनांत २८. आकड्यांचा हा वाद खरा आहे. पण त्यातील लहान आकडा घेतला तरी पाचांतील दोन बालके उरतातच. याच पोषण सर्वेक्षणात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी सुमारे दहा टक्क्यांच्या रक्तात मधुमेहपूर्व अवस्थेची चिन्हे सापडली. एकाच देशात, कित्येकदा एकाच घरात, रक्त कमी आणि साखर जास्त. सर्वांचे कारण चोखंदळपणा आहे असे मी म्हणत नाही. या देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी जेमतेम ११.३ टक्क्यांना पुरेसा आहार मिळतो. उरलेल्यांपैकी असंख्य घरांत ‘आवडत नाही’ म्हणण्याची चैनच नाही. परंतु ज्यांच्याकडे अन्न आहे, वेळ नसला तरी पैसा आहे, शिक्षण आहे, त्या आपल्या वर्गाने स्वतःच्या मुलांचे जे चालवले आहे त्याला दारिद्र्याचे कारण देता येत नाही.

मुलाला हवे ते खाऊ द्यावे, शरीर आपोआप योग्य ते निवडते, हा विचार आला कोठून? त्याचा उगम एका प्रयोगात सापडतो, आणि तो प्रयोग समाजमाध्यमांवरील पालक-प्रशिक्षकांनी एकदा मुळातून वाचावा. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोमध्ये नुकत्याच दूध सुटलेल्या पंधरा बाळांना स्वतःचे अन्न स्वतः निवडू दिले. परिचारिकांना सक्त ताकीद होती : सुचवायचे नाही, दाखवायचे नाही, कौतुक नाही, रागावणे नाही. मुलाने हात पुढे केला तरच चमचा. प्रत्येक मुलाने निराळेच काही खाल्ले. एखादे मूल एका दिवशी अंड्यांवर ताव मारी, दुसऱ्या दिवशी फळांवर. मुडदूस झालेले एक बाळ आपण होऊन कॉड माशाचे तेल पीत राहिले आणि बरे झाल्यावर त्याने ते सोडले. महिन्यांचा हिशेब लावला तेव्हा सर्वांचा आहार समतोल आणि सर्वांची प्रकृती उत्तम. डॉ. स्पॉक यांच्या १९४६च्या जगप्रसिद्ध बालसंगोपन-पुस्तकातून हा प्रयोग घरोघरी गेला, आणि ‘मुलाच्या शरीराला सारे कळते’ हे वाक्य ब्रह्मवाक्य झाले.

पण त्या बाळांपुढे काय ठेवले होते? ३४ पदार्थ : मांस, यकृत, मासे, अंडी, दूध, विरजलेले दूध, ओट, गहू, भाज्या, फळे, मीठ. सारे साधे, एकमेकांत न मिसळलेले. साखर नव्हती. डबाबंद काही नव्हते. मुलांना पूर्ण स्वातंत्र्य होते, पण यादी मोठ्यांची होती, आणि प्रयोगाचे सारे रहस्य या यादीत होते, हे डेव्हिस यांनी १९३९च्या आपल्या लेखात स्वतः स्पष्ट केले. निकृष्ट पदार्थांतून निवड करायला लावली तर या स्वातंत्र्याला काडीचीही किंमत उरणार नाही, असा त्यांचा इशारा होता. पुढचा प्रयोग प्रक्रिया केलेले पदार्थ ठेवून करण्याची त्यांची इच्छा होती. तेवढ्यात महामंदी आली, पैसा आटला आणि तो राहून गेला.

तो आता आपल्या घरांत चालू आहे. नियंत्रण-गट नाही, नोंदवही नाही, आणि पदार्थांची यादी करणारा पालकही नाही. यादी करतो तो बाजार. जागतिक आरोग्य संघटना आणि दिल्लीची इक्रियर ही संस्था यांच्या २०२३च्या अहवालानुसार भारतातील अतिप्रक्रियायुक्त पदार्थांची किरकोळ विक्री २०११ ते २०२१ या काळात मूल्याच्या हिशेबाने वर्षाला सरासरी १३ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली. या वेगाने कोणतीही गोष्ट सहा वर्षांच्या आत दुप्पट होते. आकडेमोड कोणीही करून पाहावी. मीठ, साखर आणि चरबी यांचे प्रमाण कोठे ठेवले म्हणजे हात थांबत नाही, हे ठरवण्यासाठी पगारी माणसे प्रयोगशाळेत बसलेली असतात. त्यांच्या पाकिटासमोर दोडक्याची भाजी ठेवायची आणि चार वर्षांच्या मुलाला म्हणायचे, ‘बाळा, तूच ठरव.’ याला स्वातंत्र्य म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. मूल तेथे काही निवडीत नसते.

आता दुसऱ्या बाजूचे आजोबा उठून म्हणतील, ‘आमच्या वेळी पानात पडेल ते मुकाट्याने खावे लागे, नाहीतर पाठीत धपाटा.’ आजोबांचीही या वादात सुटका नाही. अमेरिकेत ८७२ मुलांचा एक अभ्यास २००६मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आला. मुले साडेचार वर्षांची असताना आयांच्या वागण्याचे चार गट केले आणि पहिलीत गेल्यावर मुलांची वजने पाहिली. मुलाशी मायेने पण मर्यादा सांभाळून वागणाऱ्या घरांत अतिवजनाचे प्रमाण ३.९ टक्के, लाड पुरवून मर्यादा सोडून दिलेल्या आणि दुर्लक्ष करणाऱ्या घरांत सुमारे दुप्पट, आणि हुकूमशाही घरांत १७.१ टक्के, म्हणजे सर्वांत वाईट. अभ्यास अमेरिकेचा आहे, सहसंबंधाचा आहे, त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि तो केवळ आयांवर बेतला याचा मला विषादही वाटतो; पण जबरदस्तीच्या बाजूने पुरावा शोधणाऱ्याला येथे काही मिळणार नाही. ताट संपवायला लावणे म्हणजे पोट भरल्याची खूण दुर्लक्षिण्याचे रीतसर प्रशिक्षण देणे होय.

लाचेचीही तीच गत. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हे वाक्य देशातील प्रत्येक भाषेत रोज उच्चारले जात असेल. लीन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८४मध्ये मुलांना एक नवे आंबूस दुग्धपेय प्यायल्याबद्दल बक्षीस दिले. बक्षीस मिळालेल्या मुलांना ते पेय नंतर आधीपेक्षा कमी आवडू लागले. मुलाचा तर्क अगदी शुद्ध आहे : ज्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू वाईटच असली पाहिजे. त्याच बाईंनी १९८२मध्ये दोन वर्षांच्या मुलांवर दाखवून दिले होते की अनोळखी पदार्थ जितक्या वेळा चाखला जातो तितका तो आवडू लागतो, आणि त्यासाठी तीनचार वेळा पुरत नाहीत. आठ, दहा, पंधरा वेळा लागू शकतात. आपण तिसऱ्या नकाराला निकाल देऊन मोकळे होतो. ‘त्याला भेंडी आवडत नाही’ हे वाक्य पाहुण्यांसमोर, मुलाच्या देखत, इतक्या वेळा उच्चारतो की ते त्याचे आडनावच होऊन बसते.

मग करायचे काय, याचे उत्तर एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी चार दशकांपूर्वीच मांडले आहे. काय, केव्हा आणि कोठे, हे मोठ्यांनी ठरवायचे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. दोघांनी एकमेकांच्या हद्दीत शिरायचे नाही. वाचायला बाळबोध, पाळायला अतिशय कठीण, कारण दुसरी बशी आणायची नाही याचा अर्थ एखाद्या रात्री मूल अर्धपोटी झोपेल, आणि ते सहन करण्याची ताकद आपल्यात उरलेली नाही. सुदृढ मुलाचे एका रात्रीने काही बिघडत नाही. मात्र जे मूल वजन गमावते आहे, घास पाहून ओकारी काढते, ठराविक पोत किंवा रंग सहनच करू शकत नाही, त्याला हा नियम लावू नये. स्वमग्न मुलांत हे पुष्कळदा दिसते. २०१३पासून अशा टोकाच्या अन्न-टाळण्याला मनोविकारशास्त्राने स्वतंत्र निदानही दिले आहे. ते नखरे नव्हेत, तेथे डॉक्टरच हवा. हे वाचून अशा मुलाच्या आईला कोणी चार शब्द सुनावले, तर मला फार वाईट वाटेल.

किशोरवयीनांबद्दल थोडे. चौदाव्या वर्षी चिऊकाऊ चालत नाहीत हे मान्य. पण चौदाव्या वर्षी हातात फोन, फोनमध्ये अन्न घरपोच आणणारे अ‍ॅप आणि अ‍ॅपला जोडलेले बापाचे बँक खाते, हे कोणत्या मानसशास्त्राने सांगितले? शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिसाखर, अतिमीठ, अतिचरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२०चा नियम आहे. अ‍ॅपला मीटर नसतात; घराच्या उंबऱ्यापर्यंत ते पोहोचते आणि दार आपणच उघडतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५मध्ये शाळाशाळांत ‘साखर फलक’ लावायला सांगितले, तेव्हाच्या परिपत्रकात आकडे होते : चार ते दहा वर्षांची मुले रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून घेतात, अकरा ते अठरा वर्षांची १५ टक्के, शिफारस आहे ५ टक्क्यांची. फलक लागले. आमच्या परिचयातील एका शाळेत फलकाखालीच वाढदिवसाचे केक कापले जातात, आणि न कापणाऱ्या मुलाच्या आईला कंजूष ठरवले जाते.

सरकारचे दोष मी झाकत नाही. पाकिटाच्या दर्शनी बाजूला धोक्याची स्पष्ट सूचना असावी, ही मागणी कित्येक वर्षांची आहे. प्राधिकरणाने २०२२मध्ये तिच्याऐवजी तारे देण्याचा मसुदा काढला, जणू बिस्कीट म्हणजे हॉटेल आहे. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. हे सारे संतापजनक आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. मात्र ‘धोरण बदलल्याशिवाय एकटा पालक काय करणार’ हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकतो, त्यांच्या स्वयंपाकघरातील वरच्या फळीवर काय आहे तेही मला ठाऊक असते. माझ्या घरातही तेच होते.

या देशात याहून मोठा प्रयोग सरकारी शाळांच्या ओसरीवर रोज होतो. पीएम-पोषण योजनेत सुमारे अकरा कोटी मुले दुपारी एका रांगेत बसून एकच अन्न खातात. प्राथमिक वर्गासाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने हे त्याचे मान. त्या अन्नाच्या दर्जाविषयी तक्रारी आहेत, असाव्यातही. पण एक गोष्ट तेथे आहे जी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नव्हती : शेजारी बसून तीच आमटी भुरकणारे दुसरे मूल. बर्च बाईंनी १९८०मध्येच दाखवले होते की आवडत्या भाजीचा आग्रह धरणारे मूल निराळी भाजी खाणाऱ्या समवयस्कांत काही दिवस बसवले, की त्याची निवड सरकते. पंगत नावाची गोष्ट आपल्याकडे होती. आम्ही ती मोडून प्रत्येकाला स्वतंत्र बशी आणि स्वतंत्र पडदा दिला.

मुलीचे हिमोग्लोबिन आता ११.४ आहे. लोहाचे औषध चार महिने चालले. त्याचे श्रेय मी आमच्या शिस्तीला देणार नाही. दूध दोन पेल्यांवर आणले, वरची फळी रिकामी केली, मोबाइल जेवताना दुसऱ्या खोलीत, माझासुद्धा. पहिले नऊ दिवस भयंकर गेले. माझ्या आईने गावाहून फोन करून मला निर्दय म्हटले, आणि दोनदा मी खरोखरच बिस्किटाच्या डब्याकडे निघालो होतो, एकदा पोहोचलोही. मेथी तिने एकोणिसाव्या वेळी खाल्ली. कारले अजून खात नाही, मीही खात नाही.

काल दुधीची अकरावी वेळ होती. तिने एक फोड उचलली, जिभेला लावली, ताटाच्या कडेला ठेवली आणि भाकरी-वरण खाऊन उठली. आम्ही दोघे काही बोललो नाही. उद्या पुन्हा दुधीच आहे.